कपारीएवढे अंग

फडतऱ्यांच्या घरात ठकूबाई सून होऊन आली आणि तिने कपारजाईच्या दिव्याचा मान घरात आणला. ठकूबाईची सून सोनाबाई. तिने तो तुपाच्या भांड्यासारखा जपला. सोनाबाईची सून कलावती. तिने तो गावभर मिरवला. कलावतीची सून संपदा. ती कपारीत अडकली.

माणदेशात, महादेवाच्या डोंगररांगेखाली खडकोली नावाचे गाव आहे. गावामागच्या कड्याला एक उभी भेग पडलेली आहे. कमरेपर्यंत ती ऐसपैस, त्यावर मात्र इतकी अरुंद, की खांदे, दंड आणि पाठ यांचा अंदाज चुकला तर माणूस पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. आत बारमाही झरा आणि झऱ्याकाठी शेंदूर ल्यालेली कपारजाई. घटस्थापनेच्या पहाटे मानकरी घराच्या सुनेने पेटता दिवा घेऊन ताठ मानेने आत जायचे तो देवीपुढे ठेवायचा आणि आपल्या घराचे नाव पुकारायचे, असा दंडक. वाकून जाण्याची मुभा नाही. वाकायचे ते देवीपुढे. दगडापुढे वाकणारीच्या हातून देवी दिवा घेत नाही, असे गाव मानते.

लग्न झाल्यापासून संपदेने हे काम बिनबोभाट केले होते. मग चाळिशी उलटली आणि तिचे वरचे अंग भरू लागले. पोट जागच्या जागी, मांड्या जागच्या जागी. वाढले ते सारे दंडांना, काखेच्या कडांना आणि मानेखाली पाठीवर. गेल्या घटस्थापनेला दिवा आत गेला, हात आत गेला, एक खांदा आत गेला आणि उरलेली संपदा बाहेर राहिली. शेवटी दिव्याचेच तेल पाठीला चोळून बायकांनी तिला मागे ओढले. कपारजाईचा दिवा त्या वर्षी कपारीच्या तोंडाशी, उघड्यावर जळला.

पंचांनी निर्णय दिला. एक वर्षाची सवलत. पुढच्या घटस्थापनेला फडतऱ्यांची सून आत पोहोचली नाही, तर मान ननावऱ्यांच्या घरी. ननावऱ्यांची सून अनुजा उसाच्या कांडीसारखी सरळसोट होती; तिने त्याच आठवड्यात नवी हिरवी साडी घेतली म्हणतात.

घरी आल्यावर कलावतीबाईंनी सुनेला समोर बसवले. सत्तरी गाठलेली ही बाई बसली की माच्याचेही सिंहासन होत असे.

"मी सातव्या महिन्याची पोटुशी होते, तेव्हा आत गेले," त्या म्हणाल्या. "हा तुझा नवरा माझ्या पोटात होता. देवीनं दगड वीतभर सरकवला माझ्यासाठी. सगळ्या गावाला ठाऊक आहे. तुझ्यासाठी का सरकवत नाही, त्याचा विचार तू कर."

"आत्याबाई, दगड कसा सरकेल?"

"भक्तीनं सरकतो. उद्यापासून उपास धर."

आता उपास म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणी कोणाला शिकवावे लागत नाही. सोमवार धरला, गुरुवार धरला, चतुर्थी आणि दोन्ही एकादश्या धरल्या. सोमवारी साबुदाण्याची खिचडी, गुरुवारी बटाट्याचा कीस, चतुर्थीला साबुदाणावडे, एकादशीला वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी आणि वर उपासाला चालते म्हणून शिंगाड्याचा शिरा. संपदा इतक्या निष्ठेने उपाशी राहिली, की संक्रांतीला तिचे ब्लाऊज पुन्हा उसवावे लागले.

धैर्यशील, तिचा नवरा, तसा समंजस गृहस्थ. तो म्हणाला, "तू एवढे उपास करू नकोस, जाड होशील."

त्या रात्री त्याला ताटात फक्त भाकरी मिळाली. पण दुसऱ्या दिवशी संपदा स्वतः उठून तालुक्याच्या दवाखान्यात गेली.

तिथल्या डॉक्टर नफीसा तांबोळी या हसऱ्या चेहऱ्याच्या, पण शिस्तीच्या बाई. त्यांच्या टेबलावर गूळ ठेवायच्या डब्याएवढे एक यंत्र होते आणि त्यातून एक नळी बाहेर आली होती. सन दोन हजार चाळीसपर्यंत अशी यंत्रे मोठ्या शहरांतून तालुक्यांपर्यंत पोहोचली होती. लोक त्याला श्वासपारखी म्हणत.

"उद्या सकाळी उपाशीपोटी या," डॉक्टर म्हणाल्या. "अर्धा तास भरभर चाला आणि मग यात फुंका."

"फुंकून काय कळणार? चरबी तर घामातून जाते."

"सगळ्यांना तसंच वाटतं. चरबी जळाली की तिचा बहुतेक भाग वायू होतो आणि नाकातोंडावाटे बाहेर पडतो. तुम्ही बारीक होता, ताई, ते श्वास सोडून. म्हणून श्वासाला विचारलं की तो सांगतो, आज कुठली चरबी जळाली."

पुढचे त्यांनी सावकाश सांगितले आणि संपदेला ते कळले, कारण ते शेताच्या भाषेत होते. ज्वारी, बाजरी, मका, ऊस ही पिके एका घराण्याची. हवेतला हलका कार्बन असो की जड, ती फारशी निवड न करता उचलतात. गहू, तांदूळ, भुईमूग, नारळ, साबुदाण्याचा कंद हे दुसऱ्या घराण्याचे. ते चोखंदळ, जड कार्बन शक्यतो बाजूला सारणारे. आपण जे खातो त्याचीच चरबी होते, तेव्हा ती खूण चरबीतही उतरते. प्यायलेल्या पाण्याचीही खूण राहते. समुद्रकाठचा पाऊस आणि पठारावरचा पाऊस यांच्या वजनात बारीक फरक असतो. आणि तिसरी खूण काळाची. मागच्या शतकात माणसांनी उघड्यावर अणुबॉम्ब उडवून पाहिले, त्यामुळे हवेत एका जातीचा कार्बन एकदम वाढला आणि मग वर्षागणिक उतरत गेला. म्हणून प्रत्येक सालाच्या धान्यावर त्या सालाचा शिक्का आहे.

"पण चरबी जुनी कशी राहील? रोज खातो, रोज जळते," संपदा म्हणाली.

"तुमच्या घरी कणगी होती ना? नवं धान्य वरून ओतायचं आणि काढायचंही वरूनच. तळाचं धान्य वर्षानुवर्षं तसंच. शरीरातही असा तळसाठा असतो, हे अलीकडे कळलं. कुणाचा पोटात असतो, कुणाचा मांडीत. तुमचा दंडात आणि पाठीवर. कणगी उपसत राहिलात तरच तळ लागेल."

"मग दंडाचाच व्यायाम करते."

"करा, पण दंड हलवले म्हणून दंडाचीच चरबी जळते असं नाही. कुठून काढायचं ते शरीर ठरवतं, आपली शिफारस चालत नाही. सगळं अंग हललं पाहिजे, खाणं बेताचं झालं पाहिजे. मग एक दिवस तळाची पाळी येते."

दुसऱ्या दिवशी संपदेने फुंकले. पडद्यावर आले: चालू साल, दुसरे घराणे, पठारावरचे पाणी.

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. "तुम्ही ज्वारी खाणारी माणसं. हे दुसरं घराणं एवढं कुठून आलं?"

संपदेने उपासांची यादी म्हणून दाखवली. डॉक्टर तांबोळी टेबलावर डोके टेकवून हसल्या. हसून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "आमच्याकडे रोजे असतात. इफ्तारच्या भज्यांनी असंच होतं. चला, दोघी मिळून कुणाला सांगायचं नाही."

तेव्हापासून फडतऱ्यांच्या स्वयंपाकघराचा कायदा बदलला. ज्वारीची भाकरी राहिली, पण ताटात मटकी, हुलगे आणि पालेभाजी आधी आणि भाकरी शेवटी. ताकाला मुभा, शिऱ्याला बंदी. सकाळी डोंगराच्या पायवाटेने वर आणि खाली. मग अंगणात जोर. पहिले काही दिवस भिंतीला हात टेकून, मग ओट्याला, मग जमिनीवर. कलावतीबाईंनी माडीवरून हे पाहिले आणि त्या खाली आल्या.

"हे काय पालीसारखं भिंतीला चिकटणं?"

"व्यायाम आहे, आत्याबाई."

"आमच्या वेळी याला दळण म्हणायचे." त्यांनी कोपऱ्यातले जाते दाखवले. "बस. आणि पाठ ताठ. खुंटा दोन्ही हातांनी धर. मी मोजते."

त्या दिवसापासून त्या मोजू लागल्या आणि त्यांच्या मोजण्यात विसानंतर पुन्हा बारा येत असत. सुनेला दमवण्यात त्यांना जो आनंद झाला, तो लपवण्याइतक्या त्या ढोंगी नव्हत्या. पण दमलेल्या सुनेच्या पाठीला रात्री तेल लावायलाही त्याच बसत आणि बोटांनी चाचपून सांगत, "इथलं उतरलं. इथलं अजून मख्ख बसलंय."

उन्हाळा सरेपर्यंत संपदेच्या श्वासात मागची साले दिसू लागली. आज चौतीस सालची दिवाळी जळाली, आज एकोणतीस सालचे नणंदेचे लग्न. गावात ही बातमी पसरली आणि श्वासपारखीपुढे रांग लागली. मग जे व्हायचे ते झाले. मधुमेहाच्या पथ्याला ज्वारीही सोडली म्हणणाऱ्या सरपंचांच्या श्वासात पहिले घराणे, म्हणजे ऊस सापडला. संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या धैर्यशीलच्या श्वासात ताजे दुसरे घराणे, म्हणजे गहू आणि बटाटा निघाला.

"एस.टी. स्टँडपर्यंत फिरायला जातोस होय?" संपदेने विचारले.

"स्टँडला वळसा घालतो फक्त."

"वळशाला वास वडापावचा आहे."

पण एक चांगलेही झाले. पंगतीत आग्रह करणाऱ्या बायका वाढताना हात आखडू लागल्या. आपण घातलेला लाडू समोरच्याच्या अंगात साल घालून कोरला जातो, हे कळल्यावर आग्रहालाही जबाबदारी येते.

कलावतीबाईंना मात्र हे यंत्र खुपत होते. सुनेचा श्वास सांगतो आणि सासूचा कोणी विचारत नाही, हे त्यांच्या स्वभावाला कसे मानवावे? श्रावणात एका सकाळी त्या संपदेबरोबर डोंगर चढून उतरल्या आणि तशाच दवाखान्यात येऊन बसल्या.

"लावा ती नळी," त्यांनी डॉक्टरांना फर्मावले. "माझ्या अंगात या मातीच्या ज्वारीशिवाय काही नाही. माझ्यासाठी देवीनं दगड सरकवलाय. बघू तुमचं यंत्र काय म्हणतं."

त्यांनी शंख फुंकावा तसे फुंकले. यंत्राने नेहमीपेक्षा वेळ घेतला. त्यांच्या वयात रोजची चरबी थोडी आणि तळसाठाच फार. तो पहिल्याच चढणीला वर आला होता. संपदेने पडदा वाचला.

"सन ब्याण्णव. श्रावण ते कार्तिक. दुसरे घराणे. पाणी समुद्रकाठचे."

"अगदी स्पष्ट आहे," डॉक्टर कौतुकाने म्हणाल्या. "भात आणि नारळ. तेव्हा कोकणात होतात का, आजी?"

कलावतीबाईंचे माहेर गुहागरकडचे. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज; धैर्यशील ब्याण्णवच्या मार्गशीर्षात तिकडेच जन्मला. त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. पण श्रावण आणि कार्तिक यांच्यामध्ये आश्विन येतो, आणि आश्विनाच्या पहिल्या दिवशी घटस्थापना. गावात सांगत आले होते, की कलावती दिवा ठेवून दुसऱ्या दिवशी माहेरी गेली. यंत्र सांगत होते, की त्या आश्विनात तिने खडकोलीच्या विहिरीचे पाणीच प्यायलेले नव्हते.

"यंत्र बिघडलंय," कलावतीबाई म्हणाल्या आणि पदर सावरून उठल्या.

घरापर्यंत त्या संपदेच्या पुढे चालत गेल्या. दुपारी जात्याजवळ आल्या, पण मोजायला बसल्या नाहीत. संपदा दळत राहिली. जात्याच्या घरघरीत एकच प्रश्न फिरत होता. त्या पहाटे दिवा तर आत जळला होता. मग तो ठेवला कोणी?

गावात त्या वयाची आणि त्या वेळी कपारीतून जाऊ शकेल अशी एकच बाई उरली होती. ननावऱ्यांची चंद्रभागा, अनुजाची सासू. एकेकाळी ती आणि कलावती एका ताटात जेवत. का कोण जाणे, पुढे दोघींचे बोलणे तुटले होते.

संपदा गेली तेव्हा चंद्रभागाबाई ओट्यावर वाल सोलत होत्या. कानाने जरा कमी, जिभेने पूर्ण.

"बस. बारीक झालीस. आमच्या अनुजाच्या तोंडचा घास काढणार बघ तू."

संपदेने यंत्राचे सांगितले. चंद्रभागाबाई गदगदून हसल्या.

"इतकी वर्षं मी पोटात ठेवलं आणि हिच्या चरबीनं सांगितलं!"

"म्हणजे तुम्हीच?"

"तिला सहाव्यातच त्रास सुरू झाला. वैद्यानं सांगितलं, माहेरी हलवा. जाताना माझा हात धरून म्हणाली, चंद्रे, माझ्या जागी तू जा. मान गेला तर सासू मला घरात घेणार नाही. ती सासू, म्हणजे तुझी आजेसासू सोनाबाई, मान वाचतोय म्हटल्यावर सामील झाली; गावाला म्हणाली, सून घरात पडून आहे. मी कलाची साडी नेसले, पदर हनुवटीपर्यंत ओढला. पहाटेच्या अंधारात कोण बघतंय?"

"आणि तुमच्या घरचे?"

"माझी सासू ताट घेऊन बाहेर उभी! फडतरे चुकले की मान आपला, म्हणून. आत जाऊन मी देवीपुढे नाव घेतलं ते फडतऱ्यांचं. नाव माझ्या घरचं घेतलं असतं तर मान तेव्हाच माझा होता. बाहेर येऊन, साडी बदलून मी सासूजवळ उभी राहिले, तर ती माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली." त्या पुन्हा हसल्या, पण यावेळी हसणे लवकर संपले. "कला परत आली तोवर सोनाबाईनं दगड सरकल्याची कथा गावभर केली होती. कलाला लोक पाया पडायला लागले. खरं सांगायची सोय राहिली नाही. मग तिला माझं तोंड बघवेना. मला मानाचं काही नाही गं. हुरड्याला यायची ती, ते बंद झालं."

परत येताना संपदेचे पाय जड झाले, हलक्या अंगावर जड पाय. वर्षभर ती ज्या मानासाठी डोंगर चढली होती, तो ब्याण्णव सालीच दुसरीने हातात घेऊन परत केलेला होता.

तिने घरी काही विचारले नाही. कलावतीबाईंनीही काही सांगितले नाही. फक्त मोजणे पुन्हा सुरू झाले, आणि आता विसानंतर एकवीसच येत होते.

घटस्थापनेच्या पहाटे सगळे गाव कड्याखाली जमले. फडतरे एका बाजूला, ननावरे दुसऱ्या. अनुजा हिरव्या साडीत ताट धरून उभी, चंद्रभागाबाई तिच्यामागे. धैर्यशीलच्या कपाळावर घाम आला होता. कपारीत जणू त्यालाच जायचे होते. कलावतीबाईंनी सुनेच्या पदराचा काठ खांद्यावर घट्ट खोचला, दंड दाबून पाहिला आणि एवढेच म्हणाल्या, "श्वास सोडून जा. भरून नको."

संपदेने दिवा घेतला. डावा हात पुढे, खांदा तिरका. दगड गार होता. गेल्या वर्षीची जागा तिने कोपराने ओळखली. तिथे तिने सगळा श्वास सोडून दिला आणि पाऊल टाकले. पाठ दगडाला घासली, घासत राहिली आणि एकदम मोकळी झाली. दगड जागचा हलला नव्हता. हलली होती ती संपदा, जोर आणि जाते आणि हुलग्यांच्या जोरावर, पुरती आत.

बाहेर बायकांनी टाळ्या पिटल्या. मग गलबला थांबला, कारण आता नाव यायचे होते. दिवा ठेवून आतली सून घराचे नाव पुकारते. कपार तो आवाज मोठा करून बाहेर टाकते, आणि ज्या घराचे नाव येईल त्या घराला पुजारी मानाचा नारळ देतो. देवीपुढे घेतलेले नाव पंचांनाही बदलता येत नाही.

दिव्याच्या उजेडात कपारजाईचा शेंदूर झळकत होता. संपदा तिच्यापुढे वाकली. फडतऱ्यांचे नाव तिच्या जिभेवर तयार होते; ते तिने कष्टाने कमावले होते, चोरलेले नव्हते. पण याच जागी उभी राहून एका बाईने आपल्या घराचे नाव गिळले होते आणि मैत्रिणीच्या घराचे घेतले होते. बाहेर सासू उभी होती. नाव बदलले तर तिच्यापुढे जाऊन उभे कसे राहायचे, हे संपदेला ठाऊक नव्हते. दगडातून जाण्यापेक्षा ते अवघड होते.

तिने डोळे मिटले आणि पुकारले, "कपारजाई, हा दिवा ननावऱ्यांच्या घरचा!"

बाहेर पुजाऱ्याच्या हातातला नारळ तसाच राहिला. धैर्यशील आईकडे पाहू लागला. सगळे गावच तिच्याकडे पाहू लागले.

कलावतीबाई पुढे झाल्या. कपारीच्या तोंडाशी एक हात दगडाला टेकवून, दुसरा कमरेवर ठेवून त्या आत ओरडल्या, "संपदे! एवढ्या हळू काय बोलतेस? चंद्रीला कमी ऐकू येतं. पुन्हा घे नाव!"

आतून संपदेने नाव पुन्हा घेतले, या वेळी अशा आवाजात, की कड्यावरची पाखरे उडाली. पुजारी नारळ घेऊन अनुजाकडे निघाला होता. कलावतीबाईंनी तो वाटेतच त्याच्या हातून काढून घेतला, स्वतः ननावऱ्यांच्या बाजूला चालत गेल्या आणि चंद्रभागाबाईंच्या ओटीत घातला.

"ब्याण्णव सालचा," त्या सगळ्या गावाला ऐकू जाईल असे म्हणाल्या. "दिवा हिनं ठेवला होता. दगड सरकलाच नव्हता."

चंद्रभागाबाईंनी नारळ पदरात धरला आणि विचारले, "हुरड्याला येशील?"

"ताट दोन मांडू नकोस," कलावतीबाई म्हणाल्या.